दोन ठिपक्यांचे डोळे आणि परक्याचा पोशाख

चित्रकथा म्हटली की आपल्याकडील सुशिक्षित घरांत अजूनही नाक मुरडले जाते. मुलांनी आजारपणात अंथरुणावर पडून चाळायचे ते पुस्तक, त्यात समीक्षेने डोके घालावे असे काय आहे, असा प्रश्न आम्हांलाही काही स्नेह्यांनी केला. आमचे उत्तर साधे आहे. ज्या पात्राचा चेहरा मुलांच्या मनात आयुष्यभर राहतो, ते पात्र कोणी व कोणत्या कपड्यांत उभे केले हे पाहणे पालकांचे काम आहे; आणि जे पालकांचे काम, ते समीक्षकालाही वर्ज्य नसावे.

शिवाय हा विषय आमच्या वाचकांना वाटतो तितका परका नाही. नाताळ जवळ आला की धर्मग्रामाच्या सभागृहात जुन्या पडद्यांचे अंगरखे होतात, सोनेरी कागदाचे मुकुट कापले जातात, आणि हेरोद राजाला जाड मिशा काढाव्यात की नकोत यावर दोन मावश्यांचे जुंपते. त्या वादात कलेचे एक मोठे सत्य दडलेले असते. पात्र तोंड उघडण्यापूर्वीच पोशाखाने बोलू लागते, आणि प्रेक्षकांनी त्याच्याविषयी काय समजावे हे शिंप्याच्या कात्रीने अर्धेअधिक ठरवून टाकलेले असते. बायबलमधील पात्रांची निदान गोष्ट तरी तयार असते. ज्याला अगदी नवे, कोठेही नसलेले पात्र कल्पनेतून घडवायचे आहे, त्याच्यावर ही जबाबदारी दुप्पट येते. त्याने काढलेला सदरा आणि त्याने काढलेली भुवई, दोन्ही सर्वस्वी त्याचीच.

अशा एका पात्राचा विचार आम्ही येथे मांडणार आहोत. त्याचा मूळ फ्रेंच उच्चार तँतँ. इंग्रजी आवृत्त्यांमुळे आपण त्याला टिनटिन म्हणतो. त्याचा जन्म एका कॅथलिक वृत्तपत्रात झाला. ब्रुसेल्समधील ‘ल व्हँतिएम सिएक्ल’, म्हणजे ‘विसावे शतक’, या दैनिकाचे संचालक फादर नॉर्बेर वालेझ हे धर्मगुरू होते. या दैनिकाची मुलांसाठी दर गुरुवारी एक पुरवणी निघे, आणि तिची सूत्रे जॉर्ज रेमी या तरुणाकडे होती. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून तो ‘एर्जे’ अशी सही करी. १० जानेवारी १९२९ रोजी त्या पुरवणीत टिनटिन प्रथम अवतरला, तेव्हा एर्जे अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढे १९८३ साली निधन होईपर्यंत त्यांनी टिनटिनच्या २३ कथा पूर्ण केल्या. चोविसावी अपुरी राहिली.

प्रथम नायकाचा पोशाख पाहू. गुडघ्याखाली घट्ट बांधलेली सैल विजार, लांब मोजे, पुढे ठरून गेलेला निळा स्वेटर व त्यावर डोकावणारी पांढरी कॉलर. त्या काळच्या युरोपात खेळायला, सायकलवर किंवा भटकंतीला जाणारी मुले अशी विजार सर्रास घालीत. एर्जे स्वतः कॅथलिक बालवीर पथकात वाढले होते. टिनटिनपूर्वी त्यांनी ‘तोतोर’ नावाचा एक बालवीर चित्रांतून रंगवला होता, आणि त्याच्याच अंगावरील गणवेश उतरवून हा नवा मुलगा घडला असे म्हटले तर वावगे होणार नाही. गणवेश गेला, पण चपळाई व मदतीस धावण्याची सवय राहिली. ही निवड विचार करण्यासारखी आहे. नायकाला ना तलवार, ना बिल्ला, ना श्रीमंतीची खूण. धावता यावे, चढता यावे, पडल्यावर झटकून उठता यावे एवढीच त्याच्या कपड्यांकडून अपेक्षा.

डोक्यावरील उभ्या झुलपाची कथा तर गमतीची आहे. पहिल्या काही पानांवर टिनटिनचे केस कपाळावर चापून बसलेले आहेत. पुढे एका उघड्या मोटारीतून तो भरधाव सुटतो आणि वाऱ्याने पुढचे केस उभे राहतात. मोटार थांबली तरी ते खाली आले नाहीत, आणि नंतरच्या सुमारे अर्ध्या शतकात कधीही आले नाहीत. योगायोगाने हाती आलेली खूण ओळखणे आणि ती न सोडणे, हे पात्र घडवणाऱ्याचे मोठे कसब होय. एर्जेंना ती रेषा सापडली आणि त्यांनी ती जपली. परिणाम असा की, भिंतीवर नुसती सावली पडली, उभे झुलूप, फुगीर विजार आणि शेजारी एक लहानसा कुत्रा, तरी पाच वर्षांचे मूल ‘टिनटिन!’ म्हणून ओरडते.

पोशाख एवढा पक्का झाला की तो बदलणे धन्यालाही सोपे राहिले नाही. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अखेरच्या पूर्ण कथेत एर्जेंनी टिनटिनची ती जुनी विजार काढून त्याला त्या दशकाच्या चालीची तपकिरी जीन्स घातली. काळाबरोबर राहण्याची धडपड त्यात दिसते. परंतु आमच्या मते तो बदल फसला. जुनी विजार १९२९ सालीच एका विशिष्ट वर्षाची उरली नव्हती, ती टिनटिनची झाली होती. नवी विजार मात्र तारीख सांगू लागली. पात्राला काळाची फॅशन चढवली की ते त्या काळाबरोबर म्हातारे होते, हा धडा येथे मिळतो.

आता चेहरा. टिनटिनचे डोळे म्हणजे दोन ठिपके. नाक म्हणजे एक छोटा बाक. तोंड म्हणजे कधी रेघ, तर कधी लहानसे वर्तुळ. गाल नाहीत, सुरकुती नाही, वय नाही. नवख्या वाचकाला वाटावे की चित्रकाराला चेहरा काढता येत नव्हता. पण तोच चित्रकार शेजारच्या चौकटीत कॅप्टन हॅडॉकच्या दाढीतून संताप, लाज, शोक आणि पश्चात्ताप असे चार भाव एका पानात काढून दाखवतो, तेव्हा ध्यानात येते की टिनटिनचा कोरेपणा हा निवडलेला आहे. कोऱ्या चेहऱ्यात वाचक सहज शिरतो. नायकाच्या गालावर जेवढ्या जास्त रेघा, तेवढा तो ‘दुसरा कोणीतरी’ होत जातो. दोन ठिपके मात्र कोणाचेही डोळे असू शकतात.

मग भाव कोठे गेले? एर्जेंनी ते वाटून दिले. आश्चर्य वाटले की टिनटिनच्या डोक्याभोवती घामाचे थेंब उडतात. मार बसला की तारे फिरतात. बाकीचे काम शरीराचा झोक करतो. भीती आणि लोभ हे दोन मानवी दुबळेपण त्याच्या पांढऱ्या कुत्र्याच्या, स्नोईच्या, वाट्याला आले. हाड आणि कर्तव्य यांत कोणते निवडावे हा त्या बिचाऱ्याचा जन्मभराचा पेच आहे, आणि तो पेच त्याच्या कानांवर व शेपटीवर उमटतो. राग व पश्चात्ताप हॅडॉकला मिळाले. हॅडॉक १९४०-४१ मध्ये प्रथम आला तो व्यसनाने खंगलेला, आपल्या जहाजावर काय चालले आहे याची शुद्ध नसलेला कप्तान म्हणून. टिनटिन आईची आठवण काढतो तेव्हा तो लहान मुलासारखा रडतो. त्याच्या अंगावर नांगराचे चित्र असलेला निळा गळाबंद स्वेटर आहे. पुढे तो वाड्याचा मालक झाला, अंगावर चांगला कोट आला, पण आतला खलाशी गेला नाही. एकाच पात्रात एवढे स्थित्यंतर पोशाख व मुद्रा यांनी साधणे ही साधी गोष्ट नव्हे. बहिरे, विसराळू प्राध्यापक कॅल्क्युलस हे ब्रुसेल्समध्ये शिकवणाऱ्या ऑग्युस्त पिकार या शास्त्रज्ञावरून घेतले. पिकार अतिशय उंच, म्हणून त्यांची लहान आवृत्ती काढली, नाहीतर चौकटी उंच कराव्या लागल्या असत्या! आणि गोल टोपी, काळा पोशाख व काठी घेतलेले दोन गुप्तहेर, थॉम्सन व थॉम्पसन, हे केवळ मिशांच्या टोकावरून वेगळे ओळखावे लागतात.

येथवर आम्ही स्तुतीच केली. परंतु समीक्षेचे कर्तव्य एवढ्याने संपत नाही. ज्या हाताने नायकाचा एवढा मोकळा, कोणालाही सामावून घेणारा चेहरा काढला, त्याच हाताने परक्याचा चेहरा कसा काढला?

१९३०-३१ मधील टिनटिनची दुसरी कथा काँगोत घडते. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होती. नायकाच्या डोक्यावर साहेबी टोपी आली. आणि आफ्रिकी माणसे? सर्वांचे एकच तोंड, एकच जाड ओठ, तेच विस्फारलेले डोळे. कोणाच्या गळ्यात सदरा नसलेली नुसती कॉलर, कोणाच्या उघड्या हातावर कडक कफ. राजाच्या हातात राजदंडाच्या जागी चक्क लाटणे! युरोपीय कपडे घालण्याचा ‘त्यांचा’ प्रयत्न हाच विनोदाचा विषय. त्या कथेत एक पांढऱ्या दाढीचे मिशनरी फादरही आहेत. ते दयाळू आहेत, टिनटिनचे प्राण वाचवतात. आणि ज्यांच्यासाठी ते घरदार सोडून गेले, त्या माणसांचे चेहरे मात्र चित्रकाराने पाहिलेले नाहीत. पुढे १९४६ च्या रंगीत आवृत्तीत एर्जेंनी काही प्रसंग बदलले. ‘तुमचा देश बेल्जियम’ असे टिनटिन जेथे आफ्रिकी मुलांना शिकवत होता तेथे अंकगणित आले. चेहरे मात्र तेच राहिले. ते पुस्तक रोखावे यासाठी बेल्जियममध्ये झालेला न्यायालयीन प्रयत्न २०१२ साली फेटाळला गेला. न्यायालयाचा निर्णय कायद्याचा झाला. रसिकाचा निर्णय त्याने स्वतःच करायचा असतो. आपण भोवतालच्या मध्यमवर्गीय समाजाचे पूर्वग्रह घेऊन ती कथा काढली, हे एर्जेंनी उत्तरायुष्यात मान्य केले होते.

आपला देशही या चित्रांतून सुटला नाही. १९३२ मध्ये सुरू झालेल्या कथेत टिनटिन हिंदुस्थानात येतो तो गैपाजामा नावाच्या कल्पित संस्थानात. ते नाव उच्चारून पाहा. त्यात पायजमा दडला आहे! महाराजा, फकीर, फेटे, हत्ती. माणूस दिसण्याआधी कपडे दिसतात, आणि कपड्यांपलीकडे जावे असे चित्रकाराला वाटतच नाही.

यावर कोणी म्हणेल की थट्टाचित्रात अतिशयोक्ती असायचीच. हॅडॉकचे नाक तरी कोठे प्रमाणात आहे? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, हॅडॉकची अतिशयोक्ती ही हॅडॉकची आहे. त्याची दाढी, त्याचा राग आणि त्याची बाटली पाहून कोणी सगळ्या दर्यावर्दी लोकांविषयी निष्कर्ष काढीत नाही, कारण कथेत तो बदलतो, चुकतो, लाजतो, मित्रासाठी जीव द्यायला तयार होतो. काँगोतील माणसांची अतिशयोक्ती कोणा एकाची नाही. ती सर्वांवर एकाच साच्याने छापलेली आहे. पहिले व्यंगचित्र, दुसरा मुखवटा. व्यंगचित्र माणसाला उघड करते, मुखवटा माणसाला झाकतो.

मुखवटा चढला की कसे वाटते, हे आम्हांला पुस्तकांतून शिकावे लागत नाही. हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे ख्रिस्ती माणसाला एक ठराविक पोशाख शिवून ठेवला होता. पुरुष असेल तर हातात बाटली, डोक्यावर तिरकी हॅट, तोंडी मोडकी हिंदी. मुलगी असेल तर तोकडा झगा. आणि दोघांच्याही गळ्यात भला मोठा क्रूस. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला. त्यातील अँथनी उंच काळी टोपी व शेपटीचा कोट घालून प्रचंड अंड्यातून बाहेर पडला, तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या. तो दिलदार होता, शूर होता, आणि अमिताभ बच्चन यांनी तो झोकात रंगवला होता. तरीही घरी परतताना काहीतरी खुपले. नऊवारी लुगडे नेसून पहाटे भाजीची टोपली घेऊन बाजार गाठणारी आमची आजी, धोतर नेसून शेताला पाणी लावणारे आजोबा, मराठीत रोझरीची प्रार्थना म्हणणारे आमचे अंगण, यांपैकी कोणीही पडद्यावर नव्हते. शेजारी मात्र विचारीत, ‘तुमच्यात सगळेच पितात ना?’ पोशाख दुसऱ्याने शिवला की माप कधीच विचारले जात नाही.

म्हणूनच एर्जेंच्या आयुष्यात पुढे जे घडले त्याचे मोल आम्हांला अधिक वाटते. टिनटिन आता चीनला जाणार अशी घोषणा पुरवणीत झाली, तेव्हा लूव्हाँ विद्यापीठातील चिनी विद्यार्थ्यांची आध्यात्मिक काळजी वाहणारे धर्मगुरू फादर गॉसे यांनी एर्जेंना पत्र लिहिले. आपले विद्यार्थी ही पुरवणी वाचतात. चिनी माणसाचे नेहमीचे वेडेवाकडे चित्र काढलेत तर ती मुले दुखावतील, तेव्हा आधी माहिती करून घ्या, असा त्या पत्राचा आशय. रागावलेले निषेधपत्र ते नव्हते. फादरांनी त्यापुढे जाऊन ओळख करून दिली. १९३४ च्या मे महिन्यात झांग चोंगरेन हा शिल्पकलेचा विद्यार्थी एर्जेंच्या घरी आला. झांगही १९०७ सालीच जन्मलेला, शांघायच्या कॅथलिक घराण्यातला, तेथील येशूसंघीयांच्या अनाथालयाच्या कलाशाळेत चित्रकला शिकलेला. दोघे वारंवार भेटू लागले. रस्ते कसे असतात, पाट्यांवर काय लिहिलेले असते, कोण काय घालते, हे झांग सांगे; कथेच्या पार्श्वभूमीवरील चिनी अक्षरेही त्यानेच लिहिली.

त्यातून ‘निळे कमळ’ ही कथा जन्मली. ती १९३४-३५ मध्ये क्रमशः आली. मंचुरियातील १९३१ सालचा रेल्वेमार्गाचा स्फोट आणि त्याच्या निमित्ताने झालेले जपानी आक्रमण हा तिचा कणा आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील दोन प्रसंग सर्वांत महत्त्वाचे. या कथेत टिनटिन बराच काळ साधा चिनी पोशाख घालून वावरतो, आणि रस्त्यावर कोणी वळूनही पाहत नाही. उलट थॉम्सन व थॉम्पसन त्याला पकडायला येतात ते ‘लोकांत मिसळून जावे’ म्हणून जुन्या दरबारी थाटाचे भरजरी झगे घालून, पाठीवर वेणी सोडून. चीनमधील राजसत्ता १९१२ साली गेली होती आणि तिच्याबरोबर पुरुषांच्या वेण्याही. मग त्या दोघांच्या मागे सगळे गाव हसत चालते. दोन्ही ठिकाणी युरोपीय माणसाने चिनी कपडेच घातले आहेत. एकाने ते जिवंत माणसांकडून घेतले, तर दुसऱ्यांनी आपल्या डोक्यातल्या पेटाऱ्यातून काढले. काँगोत चित्रकार ज्या विनोदाने परक्याला हसला होता, त्याच विनोदाचे तोंड त्याने येथे स्वतःकडे वळवले. आत्मपरीक्षणाचा याहून सुंदर नमुना चित्रकथेत आमच्या पाहण्यात नाही.

दुसरा प्रसंग पुराचा. बुडणाऱ्या चँग या अनाथ मुलाला टिनटिन वाचवतो. मुलगा विचारतो, तू मला का वाचवलेस? गोरे सगळे दुष्ट असतात असेच तो ऐकत आला आहे. टिनटिन त्याला सांगतो की आमच्याकडेही चिनी माणूस म्हणजे कपटी, वेणी राखणारा आणि कुजकी अंडी खाणारा असे समजतात. दोघे हसू लागतात. हसणारे ते दोन चेहरे पाहावेत. दोघांचेही डोळे साध्याच रेषांचे, दोघेही तितकेच कोरे, तितकेच मोकळे. नायकासाठी राखून ठेवलेली ती मोकळी जागा चित्रकाराने प्रथमच एका परक्याला देऊ केली. आणि कथेच्या अखेरीस चँगचा निरोप घेताना त्या दोन ठिपक्यांतून अश्रू येतो. इतर वेळी घाम आणि तारे यांच्यावर भागवणारा चेहरा येथे खरोखर रडतो, म्हणूनच तो अश्रू वाचकाच्या मनात राहतो.

येथे थांबलो तर लेख गोड होईल, पण खरा होणार नाही. त्याच ‘निळ्या कमळा’त जपानी खलनायक मित्सुहिरातो पुढे आलेल्या दातांचा काढला आहे आणि जपानी सैनिक पुन्हा एकाच साच्याचे. चिनी मित्र घरी येत होता. जपानी मित्र कोणी नव्हता. आणि याहून गंभीर गोष्ट पुढे घडली. १९४१-४२ मध्ये ब्रुसेल्स जर्मनांच्या ताब्यात असताना एर्जेंनी एका दैनिकासाठी उल्केची कथा काढली. तिच्यातील दुष्ट सावकार ब्लुमेनस्टाइन हा यहुदी नावाचा, आणि त्याचे नाक त्या काळच्या द्वेषपत्रकांत असते तसे. मे १९४२ मध्ये ही मालिका संपली. त्याच महिन्याच्या अखेरीस बेल्जियममधील यहुद्यांनी कपड्यांवर पिवळा तारा लावलाच पाहिजे असे फर्मान निघाले. ऑगस्टपासून आगगाड्या पूर्वेकडे सुटू लागल्या, आणि सुमारे २५,००० यहुदी बेल्जियममधून मृत्यूछावण्यांकडे नेले गेले. चित्रकाराने ते फर्मान काढले नव्हते, हे खरे. पण परक्याला ओळखण्याची एक खूण ठरवून द्यायची आणि त्या खुणेपलीकडे त्याच्याकडे पाहायचे नाही, ही रीत चित्रात आणि फर्मानात एकच होती. १९५४ साली त्या सावकाराचे नाव बदलून बोलविंकल करण्यात आले आणि त्याचा देश कल्पित ठेवला गेला. नाक बरेचसे तसेच राहिले. पूर्वग्रह एका मैत्रीने एका दिशेने गळतो; दुसऱ्या दिशेने तो पुन्हा झिजवावा लागतो. आम्ही हे एर्जेंना दोष देण्यापुरते लिहीत नाही. आपणां सर्वांची गत अशीच आहे.

आता अखेरच्या पुस्तकाकडे वळू. झांग १९३५ साली मायदेशी परतला आणि युद्ध व क्रांती यांच्या गर्दीत दोघांचा संपर्क तुटला. मित्राचा शोध एर्जेंच्या मनात राहिला, आणि १९५८-५९ मध्ये त्यांनी ‘तिबेटात टिनटिन’ काढले. दिल्लीच्या कुतुबमिनारावरून व रस्त्यातल्या गायीवरून पुढे जाणाऱ्या या कथेत खलनायकच नाही. चँग बसलेले विमान हिमालयात कोसळले आहे; सर्व जग त्याला मृत मानते; टिनटिन मानत नाही. बातमी कळते तेव्हा त्या दोन ठिपक्यांतून पुन्हा अश्रू येतात, पुन्हा चँगसाठीच. आणि या पुस्तकात कपड्याला काय अर्थ आला आहे पाहा. उभ्या कड्यावर अडकलेला एक पिवळा गळपट्टा दिसतो आणि मित्र जिवंत असल्याची आशा बळावते. शेवटी मठाचे प्रमुख टिनटिनच्या निष्ठेचा गौरव म्हणून त्याला रेशमी पट्टा अर्पण करतात. वस्त्र येथे कोणाची जात किंवा देश सांगत नाही. एक मित्र येथून गेला एवढेच सांगते.

आणि ज्याला सर्व जण राक्षस म्हणत होते तो यती? त्याच्या अंगावर कपडाच नाही. त्याने चँगला खाऊ घातले, सांभाळले, गुहेत लपवले. चँग निघून जाताना तो दुरून पाहत राहतो. त्याला आत्मा असेल की काय अशी शंका चँग बोलून दाखवतो. आणि तो माणसांना कधीच सापडू नये, अशी इच्छाही. शेवटच्या चौकटीत पाठमोरा यती आणि दूर जाणारा तांडा, एवढेच. लाटणे धरलेल्या राजापासून या एकाकी पाठीपर्यंतचा प्रवास हा आमच्या मते एर्जेंच्या कलेचा खरा प्रवास आहे. १९८१ साली ब्रुसेल्समध्ये दोन वृद्ध मित्रांची भेट झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी एर्जे वारले.

या सर्वांतून आमच्या वाचकांनी काय घ्यावे? उपवासकाळ आला की आपल्या धर्मग्रामांत दुःखसहनाच्या नाटिका बसतात. प्रभूच्या शिष्यांना पांढरे झगे मिळतात. यहूदा इस्कर्योतला काळा झगा आणि वाकडी नजर. परूश्यांना लांब नाक व पिंजारलेली दाढी. प्रभू, मरिया, पेत्र आणि यहूदा हे सर्व एकाच जातीचे, एकाच देशाचे, एकसारखे कपडे घालणारे होते, हे आपण शिवणयंत्रावर बसलो की विसरतो. प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर लादू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले. ती शिकवण आपण वेदीवरून ऐकतो. रंगमंचावर मात्र जुनाच साचा वापरतो.

नाटिकेची सूत्रे ज्यांच्या हाती आहेत त्या ताईदादांना आमची एक विनंती आहे. यंदा यहूदालाही पेत्रासारखाच झगा द्या. त्याचा विश्वासघात त्याच्या कृतीतून दिसू द्या, कापडातून नको. पहिल्या बाकावर बसलेले मूल मग त्याला पाहताच ‘हा वाईट’ असे म्हणणार नाही. ते शेवटच्या भोजनाच्या टेबलावरील बारा चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहील आणि यांच्यापैकी कोण, म्हणून अस्वस्थ होईल. शिष्यही त्या रात्री तसेच अस्वस्थ झाले होते, आणि प्रत्येकाने प्रभूला आपल्यापुरतेच विचारले होते. एवढे साधले, तर दोन ठिपक्यांचे ते डोळे आपल्याही उपयोगी पडले असे आम्ही समजू.